थकलेल्या विद्यार्थ्याचे गणित

दिवसभर कचेरीत फायलींचा निपटारा करावा, लोकलच्या गर्दीतून घरी परतावे, मुलांचा अभ्यास घ्यावा आणि रात्री दहाच्या पुढे स्वतःचे पुस्तक उघडावे, असा नोकरी करून शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याचा दिनक्रम असतो. पहिले काही महिने उमेद टिकते. पुढे तेच पान तीनदा वाचूनही उमगत नाही, स्वाध्याय रखडतात आणि अखेर परीक्षेचा अर्ज भरायचाच राहून जातो. ‘या वयात हे झेपायचे नाही,’ असा निकाल घरचे देतात. दुर्दैवाने तो स्वतःही तो मान्य करतो.

वस्तुतः हा थकवा वयाचा नसून तासांचा आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका वर्षाचा अभ्यास १२०० तासांचा, म्हणजे आठवड्याला सुमारे २३ तासांचा धरला आहे. पूर्णवेळ विद्यार्थ्याला तो जड नाही. नोकरदार मात्र हे तास झोपेतून काढतो आणि तेथेच घटत्या फलाचा नियम लागू होतो. जागरणाचा प्रत्येक वाढीव तास आधीच्या तासापेक्षा कमी पदरात टाकतो.

तेव्हा अभ्यास सोडणे हा उपाय नव्हे. मुदत वाढविणे हा आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात तीन वर्षांची बी. ए. पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. सहा वर्षे घेतली तर आठवड्याचा भार साडेअकरा तासांवर येतो. एका वेळी निम्मेच विषय घ्यावेत, रविवारची सकाळ राखून ठेवावी आणि झोपेला हात लावू नये. पदोन्नती लांबेल हे खरे. परंतु अर्धवट सोडलेली पदवी पदोन्नती मुळीच देत नाही.

तथापि सारा भार विद्यार्थ्यावरच टाकणे न्याय्य नव्हे. परीक्षेच्या काळात रजा नाकारणारी कचेरी आणि कामाच्या वेळेतच संपर्क-तासिका ठेवणारे अभ्यासकेंद्र या थकव्याचे भागीदार आहेत. १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी श्रमिकांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा शाळेची वेळ श्रमिकाच्या सोयीने ठरली होती. एवढे शहाणपण आजच्या वेळापत्रकांत आले, तरी अनेक मिटलेली पुस्तके पुन्हा उघडली जातील.