गालिच्यावरचं चैत्रांगण

येरवडा म्हटलं की आपल्याला तुरुंग आठवतो, गांधीजी आठवतात. पण मैत्रिणींनो, १८७१ साली उभा राहिलेला हा तुरुंग एकेकाळी गालिच्यांसाठीही नावाजलेला होता! विजापूरच्या असर महालातल्या जुन्या गालिच्यांवरून इथल्या कैद्यांनी हुबेहूब नवे गालिचे विणले. त्या विणणाऱ्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

आपल्याकडच्या गालिच्यांवर इराणी नक्षीची छाप मोठी. त्या इराणी वेलबुट्टीत मधूनच एक नागमोडी ढग दिसतो. तो मूळचा चिनी. तेराव्या शतकात चीन आणि इराण दोन्हीकडे मंगोलांची सत्ता होती, त्या वाटेनं तो इराणात आला.

खुद्द चीनमधले जुने गालिचे, विशेषतः निंगशिया भागातले, इराणीसारखे गच्च भरलेले नसतात. पिवळ्या किंवा निळ्या जमिनीवर मोजकीच चित्रं, भोवती मोकळी जागा. आणि चित्रं कोणती? स्वस्तिक, कमळ, शंख, चक्र, कलश, छत्र, माशांची जोडी. चैत्रगौरीपुढे आपण चैत्रांगण काढतो, त्यातलीच निम्मी! यात नवल नाही, कारण यातली बरीच शुभचिन्हं बौद्ध धर्माबरोबर इकडूनच तिकडे गेली. चिनी लोक स्वस्तिकाला ‘वान’ म्हणतात, म्हणजे दहा हजार. काठावर स्वस्तिकांची साखळी विणली की न संपणाऱ्या सुखाची इच्छा झाली.

काही चिन्हं मात्र आपल्याला दचकवतील. वटवाघूळ घरात शिरलं तर आपण दारं-खिडक्या सताड उघडतो. तिथं ते मुद्दाम विणतात, कारण वटवाघूळ आणि सौभाग्य या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘फू’. पाच वटवाघळं म्हणजे दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि शांत मरण. मासा ‘यू’, समृद्धीही ‘यू’. बोलीतली गंमत थेट लोकरीत! मला यातला सगळ्यात आवडतो तो मठातल्या खांबाचा गालिचा. जमिनीवर पसरला तर त्यावरचा ड्रॅगन तुकड्यातुकड्यांचा दिसतो. खांबाला गुंडाळला की दोन्ही कडा जुळतात आणि ड्रॅगन वेटोळं घालून अख्खा उभा राहतो.

हल्ली प्रदर्शनांत या नक्षीचे यंत्रावरचे गालिचे ढिगानं असतात. हातविणीचा म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर आधी गालिचा उलटा करून बघा. हातानं गाठ मारलेल्या गालिच्याची नक्षी पाठीवरही स्पष्ट उमटते आणि गाठी थोड्या कमी-जास्त असतात. पाठीला जाड कापड चिकटवलेलं असेल, तर ते का लावलंय हे विचारल्याशिवाय पैसे काढू नका.