क्रोमची चाकं, पाऊस आणि मीठ: गंज येतो तरी कुठून?

हा भाग ऐकायला वेळ नसेल तर वाचून टाका. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'म्हणजे, म्हणजे' आणि चहाचे घोट काढलेत.

गेल्या आठवड्यात दोन मेसेज आले. पहिला रत्नागिरीच्या एका भावाचा. "बुलेट पावसात कधीच ठेवत नाही, पडवीत असते. तरी रिमवर तपकिरी ठिपके आलेत. असं कसं?" दुसरा टोरांटोच्या एका ताईचा. "सेकंडहँड गाडी घेतली, क्रोमची चाकं बघूनच भुललो. एका हिवाळ्यात चाकावर फुगे आले. आणि एका चाकातली हवा दर आठवड्याला कमी होते."

एकाकडे बर्फ पडत नाही, दुसरीकडे आपल्यासारखा पावसाळा नाही. पण दुखणं एकच आहे, मीठ.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. क्रोम गंजत नाही. हवा लागली की त्याच्यावर आपोआप एक अतिसूक्ष्म थर तयार होतो आणि तोच त्याला वाचवतो. गंजतो तो खालचा धातू. चाकावरचं क्रोम असतं जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे क्रोम केसाच्या शंभरपटीहून पातळ! चकाकी बरीचशी त्याच्याखालच्या निकेलची असते. हे निकेल १०-३० मायक्रॉन, आणि त्याखाली बुलेटच्या रिममध्ये पोलाद, गाडीच्या अलॉयमध्ये ॲल्युमिनियम. इतक्या पातळ थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असणारच. त्यातून खारं पाणी आत शिरतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, झाली की छोटीशी बॅटरी! या बॅटरीत कमजोर धातू खाल्ला जातो. पोलाद असेल तर तपकिरी ठिपके येतात. ॲल्युमिनियम असेल तर आत पांढरी भुकटी साचते आणि वरचं क्रोम फुगून पोपडे सुटतात. म्हणून फुगा आलेल्या चाकाला कितीही पॉलिश केलंत तरी उपयोग नाही, काम आत चालू असतं.

आता पडवीचं कोडं. किनाऱ्यावर लाटा फुटतात, त्यांचे बारीक तुषार वाऱ्यावर येतात आणि प्रत्येक वस्तूवर मिठाचा हलका थर बसतो. उघड्यावरची गाडी पाऊस निदान धुऊन तरी काढतो. पडवीतल्या गाडीला वारा लागतो, पाऊस लागत नाही, मग मीठ साचतच जातं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं ओलं होतं, आठवतंय? हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं. रिमवरचं मीठही तेच करतं. पावसाचा थेंब न लागता रिम ओली!

कॅनडात हेच मीठ माणसं स्वतः रस्त्यावर टाकतात, बर्फ वितळावा म्हणून. साध्या मिठाचा जोर कडाक्याच्या थंडीत कमी पडतो, म्हणून उत्तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराईडही वापरतात. ते तर ३०-३५ टक्के आर्द्रतेतही ओलं राहतं, म्हणजे चाक वाळतच नाही. आणि एक गंमत बघा, अशी मिठाने माखलेली गाडी गरम गॅरेजमध्ये उभी केली तर गंज आणखी जोरात धावतो. थंडीत रासायनिक क्रिया हळू चालते, उबेत वेग घेते. आपण लाड करायला जातो आणि चाकाचं नुकसान होतं.

मग करायचं काय? खरं तर काम कंटाळवाणं आहे. मीठ धुवायचं, कोरडं करायचं, वर वॅक्स लावायचं. कोकणात आठवड्यातून एकदा साधं गोडं पाणी. बोअरचं पाणी खारं असेल तर ते नको. गाडी पडवीत असली तरी धुवा, किंबहुना असली म्हणूनच धुवा. मग जुन्या बनियनने पुसा, स्पोकच्या मुळाशी विशेष. टोरांटोत पारा शून्याच्या वर जाईल तो दिवस पकडा आणि चाकाची आतली बाजूही धुवा. आतली बाजू कोणी बघत नाही, मीठ मात्र तिथेच बसतं. वॅक्स लावायचं ते मोसम सुरू व्हायच्या आधी, कोरड्या चाकावर, दोन हात. गंजावर वॅक्स लावलंत तर ओल आत कोंडाल. गावाकडे रिमला ऑइल किंवा ग्रीस फासतात ते मला पटत नाही. धूळ चिकटते, आणि ब्रेकवर गेलं तर जिवाशी गाठ. ओल्या बाइकवर प्लास्टिकचं कव्हरही नको.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच आहे. टाइल्स धुवायचं ॲसिड! "दोन मिनिटांत चकाचक" म्हणून वॉशिंग सेंटरवाला लावतो, किंवा आपणच लावतो. त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि प्लेटिंगवाले जुनं क्रोम उतरवायला नेमकं तेच वापरतात. तारेची घासणीही नको. पोलादी रिमवर बारीक ठिपके असतील तर स्वयंपाकघरातल्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही. नंतर धुवा, पुसा. चाकावर पारदर्शक लॅकर असेल किंवा वरचं कवच प्लास्टिकचं असेल तर मात्र हा प्रयोग करू नका. अमेरिकेत काही 'क्रोम' चाकं अशीच असतात. नखाने टिचकी मारा, बद्द आवाज आला की समजायचं.

बुलेटवाल्या भावा, तुझ्या रिमवर दिसणाऱ्या ठिपक्यांची मला फारशी काळजी नाही. न दिसणाऱ्याची आहे. ट्यूबच्या चाकात पाणी स्पोकच्या आणि व्हॉल्व्हच्या भोकातून आत जातं आणि टायरखाली साचून राहतं. तिथला गंज खडबडीत होऊन ट्यूब घासतो, आणि चालत्या गाडीत पुढचं चाक बसलं तर काय होतं ते सांगायला नको. पुढच्या पंक्चरला दुकानातल्या दादांना सांग, टायर काढलाय तर रिमची आतली बाजू दाखवा. रिम टेप फाटली असेल तर बदल. निपलजवळ पापुद्रे सुटत असतील, स्पोक ढिले वाटत असतील, तर नुसतं पुन्हा क्रोम करून घेऊ नकोस, रिमच बदल.

आणि ताई, तुमच्या हवेचं. थंडीत टायरची हवा उतरतेच. तापमान ५-६ अंशांनी घसरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो. पण तेव्हा चारही चाकांत कमी होते. एकाच चाकात होत असेल तर थंडीला दोष देऊ नका. टायर रिमला जिथे घट्ट टेकतो, तिथलं क्रोम सुटलं असणार आणि फटीतून हवा जात असणार. साबणाचं पाणी सोडून बघा, बुडबुडे येतील. टायरवाला ती कडा साफ करून सीलर लावून देतो, खर्च फार नसतो. पण पोपडे सुटतच राहिले तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. त्यापेक्षा तिकडचे बरेच लोक करतात ते करा. हिवाळी टायर साध्या पोलादी रिमवर बसवून घ्या आणि क्रोमची चाकं धुऊन, पुसून, वॅक्स लावून बर्फ संपेपर्यंत कोरड्या जागी ठेवा. क्वेबेकमध्ये तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. टोरांटोत सक्ती नाही, पण त्या फुगलेल्या चाकावर आणखी एक हिवाळा मी तरी काढणार नाही.