विश्लेषण : वैमानिकांच्या चामडी जॅकेटचे वेड आणि जुन्नर-आंबेगावचा हिरडा

थंडी सुरू झाली की नाणेघाट, माळशेज आणि भीमाशंकरच्या रस्त्यांवर दुचाकीस्वारांच्या अंगावर तपकिरी चामडी जॅकेट दिसू लागते. छातीवर झाकण असलेले खिसे, खांद्यावर पट्ट्या, मनगटाला आणि कमरेला विणलेली पट्टी, असे हे रूप दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांचे आहे. अशी जॅकेट जमवणारे हौशी लोक झाडपाल्याने कमावलेल्या चामड्याला जास्त किंमत देतात. तसे चामडे कमावण्यासाठी जी फळे वापरतात, त्यांपैकी एक म्हणजे हिरडा. तो जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या गोळा केला जातो.

वैमानिकांना चामडेच का लागले?

सुरुवातीच्या विमानांचे कॉकपिट उघडे असे. दर किलोमीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे जमिनीवर २५ अंश असले तरी सात किलोमीटरवर पारा उणे २० च्या आसपास जातो. त्यात बोचरा वारा. चामड्यातून वारा आत शिरत नाही, म्हणून ते पसंत पडले. उंचावरून जाणाऱ्या बॉम्बफेकी विमानांसाठी लोकरीसकट मेंढीचे कातडे वापरलेली जाड जॅकेट आली. अमेरिकेचे ‘बी-थ्री’ आणि ब्रिटिश हवाई दलाचे ‘अर्विन’ ही त्यांतली प्रसिद्ध नावे.

‘ए-टू’ आणि ‘जी-वन’ यांत फरक काय?

‘ए-टू’ हे अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागाने १९३१ मध्ये स्वीकारलेले जॅकेट. ते मुख्यतः घोड्याच्या कातड्याचे असे. शर्टासारखी कॉलर आणि पुढे चेन ही त्याची खूण. १९४३ मध्ये नव्या चामडी जॅकेटची खरेदी थांबवून कापडी जॅकेट आणण्यात आली. अमेरिकी हवाई दलाने ‘ए-टू’ पुन्हा दिले ते १९८८ मध्ये, या वेळी शेळीच्या कातड्याचे. ‘जी-वन’ हे नौदलाच्या वैमानिकांचे जॅकेट. त्याला केसाळ कॉलर असते. १९८६ च्या ‘टॉप गन’ चित्रपटाने ते जगभर पोहोचवले.

भारताशी या जॅकेटचा संबंध काय?

महायुद्धात आसाममधून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनला रसद नेणारी अमेरिकी विमाने उडत. अनेक वैमानिकांच्या जॅकेटवर ‘ब्लड चिट’ शिवलेली असे. विमान पडले तर या वैमानिकाला मदत करा, बक्षीस मिळेल, असा स्थानिक भाषांतला मजकूर त्यावर असायचा. तुकड्यांची चिन्हे मात्र अनेकदा इथल्याच कारागिरांनी रंगीत चामड्याचे तुकडे जोडून बनवली. भारतात हाताने बनलेले हे बिल्ले आज जगभरातील संग्राहक शोधत असतात. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पुढे हवाई दलप्रमुख झालेले हृषिकेश मुळगावकर यांच्यासह अनेक भारतीय वैमानिक बर्माच्या आघाडीवर लढले.

संग्राहक काय पाहतात?

महायुद्धातील अस्सल जॅकेट आता दुर्मीळ आणि महाग आहे. त्यामुळे बहुतेकांच्या अंगावर असते ती प्रतिकृती. जपान, ब्रिटन आणि अमेरिकेतील काही उत्पादक जुन्या जॅकेटची शिवण, चेन आणि लेबलसुद्धा हुबेहूब उतरवतात. जाणकार आधी कॉलरच्या आतले लेबल पाहतात. त्यावर जॅकेटचा प्रकार, कंत्राटाचा क्रमांक आणि उत्पादकाचे नाव असते. मग चेन, विणलेली पट्टी आणि अस्तर मूळचे आहे की बदललेले, हे तपासले जाते. त्यानंतर प्रश्न येतो चामड्याचा. ते कसे कमावले आहे?

‘व्हेज टॅन’ म्हणजे काय आणि हिरडा कुठे येतो?

कच्चे कातडे तसेच ठेवले तर कुजते. ते टिकाऊ करण्याच्या क्रियेला कातडे कमावणे म्हणतात. आज जगातले बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. हे काम झटपट होते आणि चामडे मऊ राहते. जुनी रीत वेगळी. झाडांच्या साली आणि फळांतील टॅनिन कातड्यात मुरवायचे, त्याला आठवडे लागतात. हेच ‘व्हेज टॅन’. असे चामडे सुरुवातीला ताठ असते, पण वापरणाऱ्याच्या अंगाप्रमाणे वळते आणि वर्षे जातील तशी त्याला झळाळी येते. संग्राहक भुलतात ते याच गुणाला.

सुकलेल्या हिरड्यात टॅनिन भरपूर असते. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनीच कमावले जाते. ब्रिटिश काळात हिरड्याची मोठी निर्यात होत असे. परदेशी बाजारात ‘जबलपूर’, ‘भीमली’, ‘वेंगुर्ला’ अशा नावांनी त्याच्या प्रती ओळखल्या जात.

गोळा करणाऱ्यांच्या हाती काय पडते?

जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरी भागात महादेव कोळी कुटुंबांसाठी हिरडा हे नगदी उत्पन्नाचे मोठे साधन आहे. भात घरच्या पोटापुरता, हिरडा हातखर्चाला, असा हिशेब. उन्हाळ्यात कोवळी फळे झाडावर चढून उतरवली जातात आणि उन्हात वाळवली जातात. हा ‘बाळहिरडा’ औषधांसाठी जातो आणि त्याला भाव चांगला मिळतो. कातडे कमावण्यासाठी लागतो तो पूर्ण वाढलेला मोठा हिरडा. त्याला भाव त्यामानाने फारच कमी. त्यामुळे फळ पिकेपर्यंत थांबणे परवडत नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथली हिरड्याची झाडे मोठ्या संख्येने पडली आणि भरपाईसाठी आंदोलने करावी लागली. हिरड्याचे झाड सावकाश वाढते, त्यामुळे हे नुकसान एका हंगामात भरून येत नाही. आदिवासी विकास महामंडळाने हिरडा नियमित खरेदी करावा, ही मागणीही जुनीच आहे. सरकारी खरेदी नसली की भाव व्यापारी ठरवतो. वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपजाची मालकी दिली. बाजारातली ताकद मात्र कायद्याने आपोआप येत नाही. ‘व्हेज टॅन’ जॅकेटला शहरात मिळणारी जादा किंमत डोंगरापर्यंत पोहोचायची असेल, तर गावातच प्रतवारी, साठवण आणि कातडे कमावणाऱ्यांना थेट विक्री अशी साखळी लागेल.

असे जॅकेट घालणे गुन्हा आहे का?

नुसते तपकिरी चामडी जॅकेट घालायला कसलीच अडचण नाही. मात्र आपण सैनिक किंवा हवाई दलाचे आहोत असा समज व्हावा, या हेतूने त्यांच्यासारखा पोशाख किंवा चिन्ह वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा ठरतो तो हेतूवर. तरीही भारतीय हवाई दलाचे पंख, हुद्द्याच्या पट्ट्या आणि नावाची पाटी जॅकेटवर न लावणेच शहाणपणाचे.

घेताना आणि सांभाळताना काय पाहावे?

स्वस्तात मिळणारे ‘लेदर’ अनेकदा रेक्झिन असते. दोनतीन पावसाळ्यांत त्याचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. खऱ्या चामड्याची आतली बाजू तंतुमय असते. कापलेल्या कडेचा मधला भाग निळसर-करडा दिसला तर चामडे बहुधा क्रोमचे. तपकिरी दिसला तर ‘व्हेज टॅन’ असण्याची शक्यता जास्त. घाटमाथ्यावरच्या दमट हवेत बुरशी हा चामड्याचा मोठा शत्रू. भिजलेले जॅकेट चुलीजवळ किंवा उन्हात न टाकता सावलीत, रुंद हँगरवर वाळवावे. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये, सुती कापडाखाली ठेवावे. आणि विकत घेताना दुकानदाराला एवढे जरूर विचारावे की, हे कातडे कशाने कमावले आहे?