कमी खाण्याचे फळ गोळीत मिळते काय?

लेकीकडे एडिनबराला मुक्काम असताना अश्दोदहून एका स्नेह्यांचा फोन आला. “मास्तर, कमी जेवणारा जास्त जगतो म्हणतात. मी दुपारचे जेवण सोडले आहे, आणि त्याच गुणाची गोळीही मागवतो आहे.” त्यांना मधुमेह आहे. म्हणून हा खुलासा.

१९३५ साली अमेरिकेत मॅके यांनी उंदरांना पोषण पुरेसे, पण अन्न कमी दिले; ते जास्त जगले. १९९९ साली यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीत, ‘सर-टू’ हे प्रथिन वाढवताच तिचे आयुष्य सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेले दिसले. कमी अन्नाचा लाभ याच प्रथिनामुळे होतो, असा तर्क निघाला. मग उपास कशाला? प्रथिनच वाढवा! त्यातून गोळ्या निघाल्या.

२०११ साली लंडनच्या संशोधकांनी या हिशेबाचा ताळा केला. त्यांत लिंडा पार्ट्रिज होत्या. या बाईंनी पूर्वी अनेक वर्षे एडिनबरा विद्यापीठात काम केले होते. बाकी सर्व गुण सारखे असलेल्या फळमाश्यांशी तुलना करताच वाढीव प्रथिनाचा लाभ नाहीसा झाला. कमी आहाराने मात्र माश्या जास्त जगल्या, त्या प्रथिनावाचूनही.

२०२२ साली खुद्द एडिनबरा विद्यापीठातील संशोधकांनी लाखो माणसांच्या आनुवंशिक माहितीवरून ८५७ प्रथिने तपासली. दोन ठळक निघाली, आणि दोन्ही जास्त असणे अपायकारक! एक यकृतात तयार होते. ते वाढले की रक्तवाहिन्या कठीण होण्याचा धोका वाढतो. दुसरे रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असते. म्हणजे माणसाचा लाभ प्रथिन वाढवण्यापेक्षा एखादे कमी करण्यातही असू शकेल. तसे औषध दीर्घायुष्य देते, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

बिरड्याचा रोजा एका दिवसाचा असतो. रोजचे जेवण सोडणे ही निराळी गोष्ट. उतारवयात अन्न फार कमी झाले तर स्नायू झिजतात, तोल जातो. मधुमेहाचे औषध घेऊन जेवण चुकवले तर साखर एकाएकी उतरून चक्कर येऊ शकते.

स्नेह्यांना आम्ही एवढेच सांगितले : आज दुपारी जेवा, आणि गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. वरण-भात खाल्ला होता.