वॉरंटी संपली म्हणजे हक्कही संपला का?

समजा, वॉशिंग मशीनची वॉरंटी बारा महिन्यांची होती आणि चौदाव्या महिन्यात बोर्ड गेला. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं असतं: "वॉरंटी संपली, आता खर्च तुमचा." बहुतेक लोक इथेच विषय सोडून देतात. ग्राहक कायद्यावर संशोधन करायचं असेल, तर हेच उत्तर जरा उलटंपालटं करून बघा.

वचन वेगळं, कायदा वेगळा

वॉरंटी हे कंपनीनं दिलेलं वचन आहे: अमुक काळात बिघडलं तर फुकट दुरुस्त करू. वस्तू मुळात चांगली असायला हवी, ही जबाबदारी मात्र कायद्यातून येते. मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 16 नुसार, त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे, ही अट करारात न लिहिताही गृहीत धरली जाते. (कलम 62 नुसार ती करारानं वगळता येते. म्हणून वॉरंटी कार्डावरची बारीक अक्षरं वाचायचीच.) ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्येही 'दोष' याची व्याख्या वॉरंटीच्या तारखेला बांधलेली नाही. दर्जातली उणीव, एवढंच ती बघते.

म्हणजे खरा प्रश्न 'बिघाड कधी दिसला' हा नसून 'दोष कधीपासून होता' हा आहे. विक्रीच्या दिवशीच बोर्डात खोट असेल, तर ती चौदाव्या महिन्यात दिसली म्हणून नाहीशी होत नाही. उलट, झीज, व्होल्टेजची गडबड किंवा चुकीचा वापर हे कारण असेल, तर दावा टिकणं कठीण.

अडतं कुठे?

पुराव्यात. दोष होता हे दाखवायची जबाबदारी मुख्यतः तक्रारदारावर येते. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर 2019 च्या कायद्याच्या कलम 38 नुसार आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते. बोर्डाच्या किमतीपुढे हा खटाटोप किती जणांना परवडेल? हक्क कागदावर आहे, पण तो वापरण्याची किंमत ग्राहकाच्या माथी.

इथे युरोपीय संघाशी तुलना उपयोगी पडते. 2019 च्या 771 क्रमांकाच्या निर्देशानुसार, वस्तू मिळाल्यापासून किमान दोन वर्षांत उघड झालेल्या मूळ दोषाला विक्रेता जबाबदार असतो. पहिल्या वर्षात दोष दिसला, तर तो सुरुवातीपासूनच होता असं गृहीत धरतात. तसं नव्हतं हे विक्रेत्यानं दाखवायचं. प्रश्न तोच, फक्त पुराव्याचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर. पण तेवढ्यानं निकाल बदलू शकतो.

दोन सापळे

एक: 2019 च्या कायद्यात 'उत्पादन दायित्व' असं प्रकरण आहे म्हणून लगेच तिकडे धावू नका. तिथल्या 'हानी'च्या व्याख्येतून त्या वस्तूचं स्वतःचं नुकसान वगळलेलं आहे. मशीननं घराला आग लावली तर ते प्रकरण लागू पडू शकतं; नुसतं मशीन बंद पडलं तर नाही.

दोन: कलम 69 ची दोन वर्षांची मुदत आणि वॉरंटी यांची गल्लत करू नका. ही मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. ते कारण खरेदीच्या दिवशी घडलं की दोष कळला तेव्हा, यावर वाद होऊ शकतो.

संशोधनाचा प्रश्न कसा घडवाल?

'ग्राहकांचे हक्क' हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्न असा हवा: वॉरंटीनंतरच्या बिघाडांच्या प्रकरणांत जिल्हा आयोग कोणता पुरावा पुरेसा मानतात? एक जिल्हा, एक उपकरण आणि ठरावीक वर्षं घ्या. प्रत्येक निकालातून चार गोष्टी नोंदवा: बिघाड कितव्या महिन्यात झाला, तज्ज्ञ अहवाल होता का, आधीच्या दुरुस्तीची जॉबशीट होती का, आणि निकाल काय लागला.

एक मर्यादा सुरुवातीलाच लिहून ठेवा: सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरूनच परत गेलेला ग्राहक या निकालांत कधीच दिसणार नाही. त्याला शोधायचं तर निकाल पुरणार नाहीत, घरोघरी जाऊन विचारावं लागेल.