हाली सिक्का आणि चलनाचा सांविधानिक अधिकार

चलनावर सत्ता कोणाची, हा प्रश्न आपल्या राज्यघटनेने मोजक्या शब्दांत निकालात काढला आहे. सातव्या अनुसूचीतील संघ सूचीच्या 36 व्या नोंदीत चलन, नाणी व विधिग्राह्य चलन हे विषय येतात. अनुच्छेद 246 अन्वये त्यांवर कायदे करण्याचा अधिकार केवळ संसदेचा. परभणी जिल्ह्याचा इतिहास मात्र इतका सरळ नाही.

हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. 1876 च्या कायद्यानंतर काही संस्थानांनी टांकसाळीचा हक्क ब्रिटिशांकडे सोपविला. निजामाने तो राखला. त्यामुळे येथे चारमिनार छापाचा हाली सिक्का चाले, आणि 1918 पासून संस्थानच्या स्वतःच्या नोटाही निघाल्या. ब्रिटिश रुपयास लोक कलदार म्हणत. 100 कलदारांस 116 हाली रुपये 10 आणे 8 पै, म्हणजे सहास सात, असा दर असे.

29 नोव्हेंबर 1947 रोजी ‘जैसे थे’ करार झाला आणि लवकरच संस्थानने वटहुकूम काढून भारतीय रुपया आपल्या हद्दीत विधिग्राह्य नसल्याचे जाहीर केले. भारत सरकारने यास करारभंग मानले. आमच्या मते त्या वादाचे खरे मूळ सार्वभौमत्वात होते. रुपया हे त्याचे दृश्य रूप.

सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर, 23 नोव्हेंबर 1949 च्या फर्मानाने निजामाने भारताची राज्यघटना स्वीकारली. 26 जानेवारी 1950 रोजी चलनाचा अधिकार कायद्याने संसदेकडे आला. पण रयतेच्या गाठीचा हाली रुपया त्या दिवशी नाहीसा झाला नाही. भारतीय रुपया त्याच्या जोडीने चालू लागला, तो सातास सहा या जुन्याच दराने. समजा, एखाद्या कुळावर सावकाराचे 700 हाली रुपये कर्ज आहे. दर पाळला तर 600 भारतीय रुपयांत ते फिटते; रुपयास रुपया धरला तर 100 रुपयांचा भुर्दंड कुळावर पडतो. जुन्या पैशाचे मोल ठरविणे हाही चलनाधिकाराचाच भाग आहे, आणि सामान्य माणसास तोच अधिक जाणवतो.

हा अधिकार संघाचा हे निश्चित झाले, तरी संघात तो कोणी व कसा वापरावा हा वाद उरलाच. 2016 च्या नोटाबंदीवर सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2023 रोजी चार विरुद्ध एक असा निर्णय देऊन शासनाची अधिसूचना वैध ठरविली. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी भिन्नमतात म्हटले की, प्रस्ताव रिझर्व्ह बँकेऐवजी केंद्र शासनाकडून आला असता त्यासाठी कायदाच करावयास हवा होता.