एक टक्का उजेडातले राजे

जावळीच्या रानात भर दुपारीही ऊन जमिनीला लागत नाही, हे शिवचरित्रं वाचून आपल्याला ठाऊक असतं. त्यात अतिशयोक्ती किती, ते मोजता येतं. स्वच्छ दुपारी उघड्या सड्यावर सुमारे १,००,००० लक्स उजेड पडतो. दाट सदाहरित रानात त्यातला एखाद-दुसरा टक्काच खाली उतरतो. म्हणजे वर लाख, खाली हजार-दोन हजार. आपले डोळे कमी उजेडाशी जुळवून घेतात, म्हणून वासोट्याच्या वाटेवर ही तूट जाणवत नाही. पानाला ती सोय नाही. त्याला ९८ टक्के उपास घडतो.

तरीही कोयनेच्या आणि चांदोलीच्या रानातल्या दाट सावलीत, जिथे दुसरं काही धड वाढत नाही, तिथे नेचे ओसंडून वाहत असतात. ओघळीच्या कडेला हंसराज, फांदीच्या बेचक्यात बाशिंग. दोन्ही जंगलं मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. ११६५ चौरस किलोमीटरच्या त्या पसाऱ्यात माणसं वाघ शोधतात, हे साहजिकच आहे. पण मोठ्या आकड्यांची हौस असेल, तर नजर पायाशी ठेवावी.

सावलीत उजेड नुसता कमी नसतो, उष्टाही असतो. वरची पानं निळा आणि तांबडा प्रकाश खाऊन घेतात. खाली झिरपतो तो हिरवट आणि डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद तांबडा. बहुतेक झाडं उजेडाकडे वळतात ती निळ्या प्रकाशाच्या खुणेवर, आणि नेमका तोच इथे दुर्मिळ. १९९८ साली जपानी शास्त्रज्ञांना हंसराजाच्या सख्ख्या भावंडात, ॲडियँटम कॅपिलस-व्हेनेरिसमध्ये, एक विचित्र प्रथिन सापडलं. त्याचं अर्धं अंग तांबडा प्रकाश ओळखणारं, अर्धं निळा ओळखणारं. पुढे त्याला निओक्रोम म्हणू लागले. ज्याच्याकडे ते आहे, तो नेचा तांबड्या किरणाकडेही वळतो आणि पेशीतली हरितलवकं त्या दिशेने सरकवतो. पडेल तो कवडसा त्याच्या कामी येतो.

हे प्रथिन आलं कुठून? २०१४ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या फे-वेई ली आणि सहकाऱ्यांनी शेकडो वनस्पतींची जनुकं चाळली. निओक्रोमचं सर्वांत जवळचं नातं निघालं हॉर्नवर्टशी. पावसाळ्यात ओल्या मातीवर पसरणारी, शेवाळाच्या बिरादरीतली ही बुटकी वनस्पती सह्याद्रीतही आहे. तिचं आणि नेच्याचं घराणं किमान ४० कोटी वर्षांपूर्वीच वेगळं झालेलं. जनुकाच्या दोन प्रती मात्र १७ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या. वारशाने हा हिशेब जुळत नाही. जनुक एका घराण्यातून दुसऱ्यात परस्पर गेलं, असाच त्याचा अर्थ लागतो. नेच्याची पहिली पिढी नखाएवढं, बव्हंशी एका पेशीच्या जाडीचं, ओल्या मातीला चिकटलेलं पान असते, उघडीवाघडी. शिरकाव तिथून झाला असावा.

१७ कोटी ९० लाख हा आकडा सातारकरांनी जरा थांबून वाचावा. महाबळेश्वरच्या कड्यांत दिसणारा काळा पाषाण साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. म्हणजे ही उसनवारी झाली तेव्हा सह्याद्रीचा दगडही नव्हता आणि भारत दक्षिणेच्या एका महाखंडाला चिकटलेला होता. हंसराज ज्या कातळावर उगवतो, त्याच्या जवळजवळ तिप्पट जुनी ही गोष्ट.

नेच्यांना पाठ्यपुस्तकात ‘आदिम’ म्हणून कोपऱ्यात बसवतात, ते मला पटत नाही. घराणं ३६ कोटी वर्षांहून जुनं आहे, कबूल. पण आज जगात नेच्यांच्या सुमारे साडेदहा हजार जाती आहेत आणि त्यांतल्या ८० टक्के ज्या शाखेत मोडतात, ती फोफावली फुलझाडांची जंगलं उभी राहू लागल्यावर, गेल्या दहाएक कोटी वर्षांत. हॅराल्ड श्नायडर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली हे दाखवून दिलं. फुलझाडांनी आभाळ झाकलं आणि नेच्यांचं राज्य तिथून वाढलं. निओक्रोमने त्यात हात दिला असावा, असा अंदाज आहे.

प्रसाराचे आकडे तर आणखी वेडे. पानामागच्या तपकिरी ठिपक्यांत बीजाणूंचे कोष असतात, एका कोषात बहुधा ६४ बीजाणू. समजा, एका पानामागे ५०० ठिपके आणि प्रत्येकात ४० कोष धरले. गुणाकार १२ लाख ८० हजारांवर जातो. पाऊस सरला की कोषाभोवतीचं कडं सुकतं, ताणलं जातं आणि फटकन मिटतं. बीजाणू सुटतो सेकंदाला १० मीटरपर्यंतच्या वेगाने, आणि तो वेग गाठताना त्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक लाख पट. लढाऊ विमानाचा वैमानिक नऊ पटीला जेमतेम तग धरतो.

सावलीशी संबंध नाही, पण एक आकडा सोडवत नाही. सड्यावरच्या गवतात बोटभर उंचीचे ओफिओग्लॉसम नेचे उगवतात. त्यांतल्या रेटिक्युलेटम या जातीत १४४० गुणसूत्रं मोजली गेली आहेत. माणसात ४६.

आता पूर्वेकडे जाऊ. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर माण आणि पुढे सांगलीतल्या आटपाडी, जतकडे तो पाचशेच्या आसपास येतो. नेच्याच्या शुक्रपेशीला अंडपेशीपर्यंत पोहायला पाण्याचा पापुद्रा लागतो, म्हणून इथे नेचा असूच नये. पण जुन्या भिंतीच्या आणि कातळाच्या फटीत मयूरशिखा ही नेच्याची जात उगवते. उन्हाळ्यात ती वाळून मुठीसारखी मिटते, पावसाच्या सरीनंतर पुन्हा हिरवी होते. हंसराज आणि मयूरशिखा एकाच कुळातले.